बाई आली की खटका बंद

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे : व्हिडिओ गेममधली बाई मोठी केव्हा झाली? ‘मोठी’ म्हणताना मला वय अभिप्रेत नाही. जी केवळ बघण्यासाठी, सोडवून आणण्यासाठी किंवा झाकून ठेवण्यासाठी नसते, जिला स्वतःचे काम असते आणि त्या कामाचा थकवाही असतो, ती मोठी. आधी व्याख्या सांगावी आणि मग उदाहरणे द्यावीत, ही वर्गात लागलेली सवय आता निवृत्ती जवळ आली तरी सुटत नाही. उदाहरणे मात्र पाठ्यपुस्तकातली नाहीत. ती नांदेडमधल्या आमच्या घरातली आहेत, आणि त्यांतले मुख्य उदाहरण माझी थोरली बहीण सुनंदा हिचे आहे. तिला मी अक्का म्हणते.

आमचे घर म्हणजे एक लांबलचक खोली होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मध्ये प्लायवूडची भिंत उभी करून तिचे दोन भाग केले होते. रस्त्याकडच्या भागात त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते आणि मागच्या भागात आमचा संसार. स्वयंपाक, झोप, अभ्यास आणि आजारपण हे सगळे त्या मागच्या भागातच होई. प्लायवूड आवाज अडवत नसे आणि वासही अडवत नसे. पुढून तारा जोडायला डाख लावताना निघणाऱ्या धुराचा वास मागे येई, मागून येसराच्या आमटीचा वास पुढे जाई, आणि टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेले गिऱ्हाईक हमखास विचारी, “मेकॅनिक, आज काय शिजून राहिलंय?” आई रेणापूरकडची. तिचा हात भाकरीवर पडला की त्याची लय ठरलेली असे. थापण्याचा आवाज थांबला की भाकरी तव्यावर गेली हे न पाहता कळे. त्या घरात आम्ही पुष्कळ गोष्टी न पाहता, केवळ ऐकून ओळखत असू. पुढच्या हकिगतीचा या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून ती येथे नोंदवते.

टीव्ही दुरुस्तीचे काम कमी होऊ लागले तेव्हा अण्णांनी हैदराबादहून व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे आणली. उंच लाकडी खोकी, आत जुन्या टीव्हीची काच, खाली एक दांडा आणि रंगीत बटणे. नाणे टाकले की खेळ सुरू. महिन्याभरात आमच्या घराचे आवाज बदलले. पहाटेच्या भजनाऐवजी, भांड्यांच्या आवाजाऐवजी, एक चिरकी धून दिवसभर प्लायवूडमधून येत राहिली. आई भाकरी थापताना नकळत त्या धुनीच्या ठेक्यावर थापू लागली आणि हे तिच्या लक्षात आणून दिल्यावर तिला फार राग आला.

सगळ्यांत जास्त गर्दी कुस्तीच्या यंत्रापुढे असे. त्यात सुरुवातीला पैलवानांचे चेहरे चौकटींत दिसत आणि खेळणाऱ्याने दांडा हलवून आपला पैलवान निवडायचा असे. या सगळ्या पैलवानांत एकच बाई होती. तिचा झगा मांडीपर्यंत फाटलेला होता आणि ती लाथ उंच मारीत असे. यंत्र सुरू होऊन फार दिवस झाले नसतील, एका मुलाचे वडील त्याला शोधत दुकानात आले. त्यांनी काचेवरची ती बाई पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “मेकॅनिक, तुमच्याच घरात दोन पोरी हायेत. हे काय दाखवून राहिलात?” अण्णा भांडणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी वायरवर गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी काढली आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात, त्या बाईच्या चौकटीवर, आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटवल्या. बाई दिसेनाशी झाली. या उपायाचा एक परिणाम अण्णांच्या ध्यानी आला नव्हता. लढाई सुरू झाली की त्याच पट्टीमागे आखाड्याचा कोपरा येई आणि त्या कोपऱ्यात गेलेल्या पैलवानाचे पाय दिसत नसत. आमच्या गल्लीतली मुले बिनपायाच्या माणसाशी लढायला शिकली. दुसऱ्या दुकानात गेल्यावर त्यांना पाय दिसत, तेव्हा ती गोंधळत असत, असे ऐकले आहे.

पट्टीने निवड थांबली, पण बाई थांबली नाही. यंत्र स्वतःहून प्रतिस्पर्धी पाठवी आणि कधी ना कधी त्या बाईची पाळी येईच. अण्णांनी त्यावरही उपाय काढला. विजेचे मीटर पूर्वीपासून मागच्या भागात होते, त्यामुळे प्रत्येक यंत्राचा खटकाही आमच्याच बाजूला, चुलीच्या वर होता. बाई पडद्यावर आली की मुलांनी ओरडायचे, आम्ही मागून खटका बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि त्या मुलाला एक डाव फुकट मिळायचा. हे काम अक्काकडे आणि माझ्याकडे आले, कारण चुलीजवळ आम्हीच असू. “बाई आली!” अशी आरोळी आली की हातातली भाकरी परातीत टाकायची आणि पिठाचा हात खटक्यावर मारायचा. खट्. पुन्हा खट्. खटक्याभोवती पिठाचा पांढरा थर साचला होता. आज हे लिहिताना मला त्यात विचित्र असे काही वाटते. तेव्हा वाटत नव्हते. दूध उतू जाताना भांडे उतरवावे, तसे ते एक काम होते.

अक्का मात्र विचार करीत असे. दुसऱ्या एका यंत्रात एक खेळ होता. त्यात एका मुलीला गुंड पळवून नेत, खांबाला बांधत, आणि तिचा मित्र मारामारी करीत तिच्यापर्यंत पोचे. ती मुलगी शेवटपर्यंत रडत असे. तिच्यावर पट्टी नव्हती. एकदा ताट वाढताना अक्का म्हणाली, “अण्णा, बांधलेली चालती व्हय तुम्हाला? पाय उचलला की लगीच पट्टी!” अण्णा हसले. त्या काळी ते अक्काच्या बोलण्यावर हसत असत. डाख लावायला त्यांनीच तिला शिकवले होते. रेडिओ उघडून दोष शोधण्यात तिचा हात त्यांच्याइतकाच बसला होता आणि गिऱ्हाइकाला ते सांगत नसले, तरी निम्मी कामे मागच्या भागात तीच करी. दहावीत तिला चांगले गुण मिळाले होते. लातूरला मामा राहत. तिथल्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्ससाठी जायचे, मामांकडे राहायचे, असे ठरत आले होते. मामांनी होकार कळवला होता. आईने तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून बरणी भरायचेही काढले होते. अक्काला आयुष्यात हवी असलेली अशी ती एकच गोष्ट मला माहीत आहे. दुसरी तिने कधी बोलून दाखवली नाही.

मुले फुकटच्या डावासाठी लबाडी करू लागली. हरायची वेळ आली की “बाई आली!” म्हणून ओरडायचे. आम्हाला मागून दिसत नसल्याने आम्ही खटका मारीत असू. अण्णा म्हणत, “लई बाया यायला लागल्यात बुवा आजकाल.” मग अक्काने प्लायवूडच्या एका सांध्यात पेचकसाने फट मोठी केली. तिच्यातून कुस्तीचे यंत्र नीट दिसे. खरोखरच बाई आली आहे का, हे पाहून मगच ती खटका मारू लागली. हिशोब सरळ होता : पाहिल्याशिवाय बंद करणे योग्य नाही. पण पाहता पाहता तिचा हात खटक्यावर थोडा उशिरा जाऊ लागला. ती बाई कशी लढते ते तिला बघायचे असे. दुपारी दुकान अर्धे बंद करून अण्णा आडवे होत, तेव्हा ती आवाजाची कळ उतरवून स्वतः खेळे. पट्टीखालची चौकट दिसत नसली तरी दांडा कुठे न्यायचा हे तिने अंदाजाने बसवले होते. मी विचारले, “तीच का?” ती म्हणाली, “तिला कुणी घेत न्हाई म्हणून. आन् चपळ हाय गं. बाकीचे नुसते अंगानं मोठे.” अण्णा जागे असावेत असे मला आता वाटते. ते कूस बदलत, पण उठत नसत.

तो रविवार होता. दुकान गच्च भरले होते. अक्का धपाटे थापत होती, मी दही घुसळत होते. बबल्या नावाचा मुलगा यंत्रावर होता. तो भाजी मंडईतला, गल्लीतला सर्वांत तरबेज खेळाडू आणि तितकाच लबाड. ओरडा झाला, “बाई आली! बाई आली! मारा खटका!” अक्काने फटीला डोळा लावला. समोर बाई नव्हती. एक टकलू पैलवान बबल्याला कोपऱ्यात गाठून बडवत होता. आणि तिथे अक्काच्या हातून ती गोष्ट घडली. खटका न मारणे पुरेसे होते. ती बोलली, मोठ्याने आणि स्पष्ट. “खोटं नको बोलू रे बबल्या! बाई कुठं हाय? टकलू हाय त्यो. आन् कोपऱ्यात कशाला शिरला? तिथं पाय दिसत न्हाईत तर उडी कशी चुकवशील?”

पलीकडे यंत्राची धून तेवढी वाजत राहिली. मग कुणीतरी म्हणाले, “आरं, ही आतून बघून राहिली का काय?” आणि बबल्या, हरलेला बबल्या, सगळ्यांकडे वळून म्हणाला, “आरं तिच्या! बाई तर खरंच आली की!” दुकान हसण्याने भरून गेले. खोटे सांगत नाही, त्या क्षणी अक्काही हसली. माझेही हसू दह्यात सांडले. विनोद चांगला होता. विनोद चांगला असला की तो टिकतो, हे मी नंतर शिकले.

तो टिकला. दुसऱ्या दिवशी अक्का नळावर घागर घेऊन गेली, तेव्हा ओट्यावरून आवाज आला, “बाई आली!” आणि दुसऱ्याने तोंडाने काढले, “खट्!” ती दुकानात अण्णांना चहा द्यायला गेली की मुले डोळे झाकून घेत आणि म्हणत, “बंद करा, बंद करा!” रस्त्यावर, गिरणीत, देवळाच्या वळणावर तेच. ज्यांनी आमचे यंत्र कधी पाहिले नव्हते, ती लहान मुलेही ओरडू लागली. मेकॅनिकची थोरली भिंतीला भोक पाडून पोरांना बघते, एवढेच गल्लीत उरले. कशासाठी बघत होती, हे सांगायला फार शब्द लागले असते. अण्णा अक्कावर रागावले नाहीत. त्यांनी तीच काळी चिकटपट्टी आणली आणि आमच्या बाजूने फटीवर लावली. लावताना ती नीट बसावी म्हणून अंगठ्याने दोनदा दाबली.

मग एका संध्याकाळी, आमटी-भाकरीच्या ताटावर, निर्णय झाला. तो संवाद मला शब्दशः आठवतो, कारण आमच्या घरात एवढे बोलणे एका वेळी क्वचित होई.

अण्णा म्हणाले, “लातूरचं राहू दे आता.”

“का?” अक्काने विचारले.

“तिथं बी पोरं हायेत.”

“तिथं मला कोण ओळखतंय, अण्णा?”

“बाई म्हणलं की झालं. वळखायला काय लागतं?”

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, तो आमटीत बुडवला नाही. “मग मशीन काढा ना. मला का काढता?”

आई म्हणाली, “सुनंदे, हळू. पुढं ऐकू जातंय.”

“मशीनवर घर चालतं, बाळा,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. कठोर असता तर अक्का कदाचित भांडली असती. तिने ताट उचलले, मोरीत नेले, घासले, पालथे घातले. आईने रेणापूरच्या एका स्थळाचे नाव काढले, चांगली जमीन आहे, माणसे साधी आहेत. प्लायवूडपलीकडे कुणीतरी नाणे टाकले आणि धून पहिल्यापासून सुरू झाली.

लग्न शेताची कामे उरकल्यावर झाले. शेंगदाण्याची चटणी रुखवतात गेली. निरोपाच्या वेळी सगळ्या बाया रडल्या, अक्का रडली नाही आणि मीही नाही. दात काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडीत सुई देतात, त्यानंतर ओठ आपला आहे हे कळते पण लागत नाही, तसे मला बरेच दिवस होत होते. खटक्याचे काम मी एकटी करू लागले. “बाई आली” म्हटले की मी खटका मारीत असे. फट बंद होती, त्यामुळे खरे-खोटे पाहण्याचा प्रश्न नव्हता. दुपारी एकदा मी यंत्रापुढे उभी राहिले, दांडा त्या झाकलेल्या चौकटीवर नेला, लढाई सुरू केली आणि काहीच न करता उभी राहिले. बाई हरली. मला त्याचेही काही वाटले नाही. दोनेक वर्षांत मुलांना घरच्या टीव्हीला जोडायची यंत्रे मिळाली, आमचे दुकान रिकामे पडले आणि अण्णांनी ती खोकी भंगारात दिली. त्यानंतर मी लातूरला शिकायला गेले. अण्णांनी स्वतः मला बसमध्ये बसवून दिले. माझ्या बाबतीत कुणाची हरकत नव्हती. ओरडणारेच उरले नव्हते.

लातूरलाच मी शिक्षिका झाले आणि लातूरलाच राहिले. माझी मुलगी ईशा खेळू लागली तेव्हापासून मी तिच्या मागे बसून पाहत आले आहे. कौतुक म्हणून नव्हे. निरीक्षणाची सवय म्हणून. सुरुवातीच्या खेळांत बाई बक्षीस होती. मग तिच्या हाती बंदूक आली, ती नायिका झाली, पण तिला मागून आणि खालून दाखवीत आणि बर्फातही तिचे पोट उघडे असे. मी ईशाला विचारी, “हिला थंडी वाजत नाही का?” ती वैतागून म्हणे, “आई, गेम आहे तो.” पुढे हळूहळू फरक पडला. बाईला पूर्ण बाह्यांचा कोट मिळाला. तिला दुःख मिळाले, राग मिळाला, चुकीचा निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली. पूर्वी खेळ संपताना तिची सुटका होई. आता कधी कधी तिला पश्चात्ताप होतो. माध्यम प्रौढ होते म्हणजे त्यातली चित्रे सुबक होतात असे नव्हे, तर त्यातल्या माणसांना परिणाम भोगावे लागतात, असे मी ईशाला समजावून सांगितले. तिला ते आधीच माहीत होते.

गेल्या उन्हाळ्यात अक्का माझ्याकडे आली. ज्या लातूरला तिला शिकायला यायचे होते, तिथे ती डोळे तपासायला आली. डोळ्यांत औषध घालून सोडले होते. दिसायला लागेपर्यंत बसून राहायचे होते. दुपारी मी चुरमुऱ्यांची सुशीला केली, चहा ठेवला. औषधाचा अंमल उतरल्यावर तिने ईशाच्या खोलीत डोकावले. पडद्यावर एक बाई होती. पन्नाशीची, जाड मनगटांची, कानामागचे केस पांढरे झालेली. माणसे सोडून गेलेल्या एका गावात ती आपले जुने घर शोधत होती.

“किल्लारीकडं भूकंपानंतरची अशीच मोकळी गावं हायेत जुनी,” अक्का म्हणाली. “ही कोण?”

“हिलाच चालवायचं, मावशी,” ईशा म्हणाली.

“दुसरी न्हाई का कुणी? तरणी?”

“नाही. हीच एक.” आणि तिने खेळाचा कंट्रोलर अक्काच्या हातात दिला.

अक्काचे हात आता सोयाबीनच्या काढणीने राठ झाले आहेत. तिने बाईला थोडे चालवले, एका भिंतीवर आपटवले, परत वळवले. मग तिने अंगठे उचलले आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावरची बाई थोडा वेळ उभी राहिली. तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मग ती एका पडक्या पायरीवर बसली आणि गुडघा दाबू लागली.

“चालव ना मावशी. पुढे खूप भारी आहे.”

“बसू दे की गं तिला. दमली असंल.”

“पण असं काहीच होणार नाही.”

“नगं होऊ दे.”

आम्ही तिघी बघत बसलो. बाई गुडघा दाबत होती. तिच्याकडे कुणी येत नव्हते, तिला कुणी बोलावत नव्हते. मी विचारले, “अक्का, काय वाटलं तुला?”

“काय वाटायचं? चांगली काढलीय.” तिने चहा उचलला. घोट घेण्यापूर्वी विचारले, “ते पॉलिटेक्निकात मशीनचं अजून शिकवत्येत का गं लातूरला?”

“शिकवतात.”

“पोरी असत्यात?”

“असतात. पुष्कळ असतात.”

“बरं,” अक्का म्हणाली, आणि चहा प्याली. संध्याकाळच्या गाडीने ती रेणापूरला गेली.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. खेळातली बाई ज्या दिवशी कुणीही बटण न दाबता, कुणासाठीही न नटता, दमून बसू शकली, त्या दिवशी ती मोठी झाली. ते झाले आहे, हे मी पाहिले आहे. मात्र ते होईपर्यंत जिला खेळायचे होते, तिची खेळण्याची आणि शिकण्याची वर्षे निघून गेली होती, आणि ही गोष्ट उत्तरातून वगळता येत नाही.

माझे निरीक्षण एका घरापुरते आणि मोजक्या खेळांपुरते आहे. तेवढ्यावर नियम मांडता येत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या घरातल्या मुलाकडून किंवा मुलीकडून कोणताही एक खेळ मागून घ्या, त्यातली बाई पडद्यावर आणा, हात काढून घ्या आणि ती काय करते ते थोडा वेळ शांतपणे पाहा. मी म्हणते ते खरे की खोटे, हे तुम्ही स्वतः तपासा.